पडद्यावरचा ठिपका आणि पाण्याखालचा खडक

अमेरिकेच्या 'नोआ' या सागरी व वातावरणविषयक संस्थेने पारंपरिक कागदी सागरी नकाशे काढण्याचे काम जानेवारी २०२५ मध्ये कायमचे संपवले. २०१९ मध्ये आरंभलेली ही प्रक्रिया पाच वर्षांत पूर्ण झाली. ब्रिटनच्या जलसर्वेक्षण कार्यालयानेही २०२२ मध्ये, आपले कागदी नकाशे २०२६ अखेरपर्यंत मागे घेऊ, असे जाहीर केले होते. पुढे ती मुदत किमान २०३० पर्यंत वाढवावी लागली. दर्यावर्दींच्या अनेक पिढ्यांनी ज्या कागदावर पेन्सिल आणि समांतर पट्टी चालवली, तो कागद आता निरोप घेऊ लागला आहे. त्याची जागा घेणारा पडदा मोठ्या जहाजांवर प्रमाणित 'एक्डिस' यंत्रणेचा असतो, तर छोट्या शिडाच्या नौकांवर बहुधा एखाद्या साध्या लॅपटॉपचा.

कागद निरोप घेत असतानाच त्या पडद्याला माहिती पुरवणाऱ्या उपग्रहांच्या संकेतांवर हल्ले वाढत आहेत, हा योगायोग चिंताजनक आहे. १० मे २०२५ रोजी 'एमएससी अँटोनिया' हे कंटेनरवाहू जहाज लाल समुद्रात जेद्दाहजवळ रुतले. या अपघाताचा संबंध सागरी विश्लेषकांनी जीपीएस संकेतांतील हस्तक्षेपाशी जोडला. पुढच्याच महिन्यात, इस्रायल-इराण संघर्ष पेटला असताना, होर्मुझच्या सामुद्रधुनीत आणि इराणच्या आखातात शेकडो जहाजांची स्थाने पडद्यावर भलतीकडे दिसू लागली. १७ जून रोजी ओमानच्या आखातात 'फ्रंट ईगल' आणि 'अ‍ॅडॅलिन' या दोन तेलवाहू जहाजांची टक्कर होऊन आग लागली. संयुक्त अरब अमिरातीच्या अधिकाऱ्यांनी या टकरीचे कारण नौकानयनातील चुकीचा अंदाज असे सांगितले असले, तरी त्या परिसरात त्या दिवसांत संकेतांचा गोंधळ होता, ही गोष्ट नोंदली गेलेली आहे.

मोठ्या जहाजावर रडार असते, दोन-दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, पाळीपाळीने उभे राहणारे प्रशिक्षित अधिकारी असतात. तीस-चाळीस फुटांच्या शिडनौकेवर मात्र बहुतेकदा दोनच माणसे असतात आणि त्यांच्यासमोर एक पडदा. त्यावरील छोटासा ठिपका म्हणजे आपली नौका, असे ती माणसे धरून चालतात. त्या ठिपक्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न आता निव्वळ हौशी नौकानयनपटूंपुरता उरलेला नाही. गोव्यासारख्या राज्यात तो नौदलाच्या शिडनौकांचा आहे, पर्यटनासाठी फिरणाऱ्या यॉटींचा आहे आणि मोबाइलच्या पडद्यावर वाट पाहणाऱ्या मच्छीमाराचाही आहे.

काही हजारांत समुद्राचा नकाशा

लॅपटॉपचा चार्टप्लॉटर कसा बनतो, हे समजायला अवघड नाही. यूएसबीला जोडायचा जीपीएस ग्राहक काही हजार रुपयांत मिळतो. तो उपग्रहांचे संकेत टिपून अक्षांश, रेखांश, वेग आणि दिशा यांची ओळ दर सेकंदाला संगणकाकडे पाठवतो. या ओळींची भाषाही ठरलेली आहे. 'एनएमईए ०१८३' या नावाची ही सागरी उपकरणांची जुनी बोली असून खोली मोजणारे, वारा मोजणारे आणि आजूबाजूच्या जहाजांची ओळख सांगणारे एआयएस यंत्रही तीच बोलते. संगणकावर 'ओपनसीपीएन'सारखी मुक्त-स्रोत प्रणाली बसवली की ती ही ओळ वाचते आणि सागरी नकाशावर नौकेचा ठिपका उमटवते. ही प्रणाली विनामूल्य आहे. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, इतकेच काय, 'रास्पबेरी पाय'सारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालते.

पूर्वी हे काम करणारे स्वतंत्र चार्टप्लॉटर यंत्र आणि त्यासाठी लागणारी नकाशांची कार्डे यांचा खर्च सामान्य नौकामालकाला जड जात असे. शिवाय एका कंपनीची कार्डे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालत नसत. लॅपटॉपने ही मक्तेदारी सैल केली. घरी बसून संपूर्ण प्रवासाचा आराखडा आखता येतो, हवामानाच्या फायली उतरवून वाऱ्याचे अंदाज त्याच नकाशावर पसरता येतात, भरतीची वेळ पाहता येते आणि तोच आराखडा नौकेवर नेता येतो. सागरी मार्गदर्शनाचे ज्ञान मूठभरांच्या हातून अनेकांच्या हाती आले, हे या बदलाचे मोठे यश आहे. ते नाकारून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

या यशाला एक मर्यादा आहे. मनोरंजनाच्या नौकेवरील लॅपटॉप हे प्रमाणित 'एक्डिस' नव्हे. मोठ्या जहाजांसाठी ही यंत्रणा २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिच्यासाठी स्वतंत्र पर्यायी यंत्रणा, अखंड वीजपुरवठा, अद्ययावत अधिकृत नकाशे आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण या अटी आहेत. छोट्या नौकेला यांतले काहीच बंधनकारक नाही. म्हणजे ज्या यंत्रणेभोवती सुरक्षेचे सर्वांत कमी कुंपण आहे, तिच्यावरच सर्वांत कमी माणसे सर्वांत जास्त विसंबून असतात.

ठिपक्याची दोन विधाने

पडद्यावरचा ठिपका पाहणाऱ्याला एकच गोष्ट सांगतो असे वाटते. वास्तविक तो एकाच वेळी दोन विधाने करतो. 'नौका या अक्षांश-रेखांशावर आहे' हे पहिले विधान उपग्रहांचे. 'या अक्षांश-रेखांशावर पाणी इतके खोल आहे' हे दुसरे विधान नकाशा तयार करणाऱ्यांचे. ही दोन्ही विधाने वेगवेगळ्या कारणांनी चुकू शकतात आणि लॅपटॉप त्यांतल्या कोणत्याही चुकीची कबुली देत नाही. ठिपका तितकाच ठसठशीत दिसतो.

दुसरे विधान कसे दगा देते, याचे सर्वांत बोलके उदाहरण हिंदी महासागरातच घडले. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हॉल्वो ओशन रेसमध्ये केपटाउनहून अबुधाबीकडे निघालेली 'टीम वेस्टास विंड' ही शर्यतीची नौका अंधारात सुमारे १९ नॉट वेगाने कार्गाडोस काराजोस या प्रवाळबेटांच्या रांगेवर आदळली. मॉरिशसच्या ईशान्येला सुमारे चारशे किलोमीटरवर असलेली ही रांग दर्यावर्दींना शतकानुशतके माहीत आहे. नौकेवर उत्तमोत्तम उपकरणे होती, खलाशी व्यावसायिक होते, जीपीएस बिनचूक चालू होते. तरीही अपघात झाला, कारण संगणकावरील नकाशा मोठा भूभाग एका नजरेत दिसावा म्हणून लहान प्रमाणावर पाहिला गेला होता. त्या प्रमाणावर बेटे आणि खडक पडद्यावरून गळून गेले होते आणि तिथे चाळीस मीटर व त्याहून अधिक खोलीचा केवळ उथळ टापू असल्याचा समज झाला. नकाशा मोठा करून पाहिला असता, तर खडक दिसले असते. नऊही खलाशी बचावले, ही सुदैवाची गोष्ट. मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने दोन्ही बाजूंवर बोट ठेवले. खलाशांनी इलेक्ट्रॉनिक नकाशाचा वापर अपुऱ्या काळजीने केला आणि लहान प्रमाणावर धोके दाखवण्याच्या बाबतीत नकाशाची मांडणीही सदोष होती.

कागदी नकाशावर असा प्रकार घडणे कठीण होते. कागदावर प्रमाण एकच असते आणि नकाशाकार कोणता धोका दाखवायचा, हे विचारपूर्वक ठरवतो. पडद्यावर हा निर्णय पाहणाऱ्याच्या बोटावर आणि प्रणालीच्या नियमांवर सोपवला जातो. म्हणूनच अनुभवी नौकानयनपटू प्रवासाचा आराखडा आखल्यावर संपूर्ण मार्ग मोठ्या प्रमाणावर, इंच-इंच सरकवत तपासतात. हे काम कंटाळवाणे असते; पण वेस्टासच्या खलाशांनी ते केले असते, तर नौका वाचली असती.

नकाशाच्या पोटातील माहितीही एकाच काळाची नसते. अनेक किनाऱ्यांवरील खोलीचे आकडे आजही शिशाचे वजन दोरीला बांधून घेतलेल्या जुन्या मोजण्यांवर आधारलेले आहेत. भारतातील जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले होते, तर जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' ही जागतिक संदर्भपद्धती वापरते. दोहोंतील फरक लक्षात न घेता जुन्या नकाशाची प्रतिमा लॅपटॉपवर चढवली, तर ठिपका शंभर मीटरांहूनही अधिक सरकू शकतो. खुल्या समुद्रात शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. नदीच्या मुखाशी, जिथे जाण्याजोग्या पाण्याची रुंदीच तेवढी असते, तिथे हा फरक नौका बुडवायला पुरेसा ठरतो.

गोमंतकीय मच्छीमारांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मांडवी, शापोरा आणि साळ या नद्यांच्या मुखांशी वाळूच्या पट्ट्या दर पावसाळ्यात जागा बदलतात. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळानंतर ट्रॉलर पहिल्यांदा बाहेर पडतात, तेव्हा वाट गतवर्षीचीच असेल, याची खात्री कोणताही तांडेल देत नाही. जुलै २०१७ मध्ये मांडवीच्या मुखातून आत आणले जात असलेले कॅसिनो जहाज मिरामारच्या किनाऱ्याशी वाळूत रुतून बसले, ते दृश्य पणजीकरांच्या स्मरणात असेल. वाळू सरकण्याच्या वेगाने नकाशा अद्ययावत होत नाही. पडद्यावरच्या सुबक निळ्या-पांढऱ्या रंगांना मात्र ते ठाऊक नसते.

दुर्बळ संकेत, परका मालक

आता पहिल्या विधानाकडे वळू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून येणारा संकेत नौकेपर्यंत पोहोचेतो इतका क्षीण झालेला असतो की जवळच्या एखाद्या लहानशा प्रक्षेपकानेही तो दाबून टाकता येतो. यालाच जॅमिंग म्हणतात. यात निदान ठिपका नाहीसा होतो आणि काहीतरी बिघडले आहे, हे कळते. स्पूफिंग हा त्याहून घातक प्रकार. त्यात खोटे संकेत पाठवून ग्राहकाला चुकीचे स्थान पटवले जाते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या अनेक जहाजांना आपण समुद्रात नसून किनाऱ्यावरील विमानतळावर आहोत, असे पडद्यावर दिसले होते. विमानतळ दिसल्यामुळे फसवणूक लक्षात आली. ठिपका केवळ अर्ध्या मैलाने सरकला असता, तर ती लक्षात येण्याची शक्यता फारच कमी होती.

हा धोका आता दूरच्या युद्धभूमीपुरता राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याच्या घटना घडल्या आणि केंद्र सरकारने त्या संसदेत मान्य केल्या. विमानात जमिनीवरील दिशादर्शक यंत्रणांचा पर्याय असतो. शिडनौकेवरचा पर्याय म्हणजे खलाशाची स्वतःची विद्या.

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची यंत्रणा आहे, हेही विसरता येत नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत संघाने पाडले. त्यानंतर अमेरिकेने ही यंत्रणा जगाला नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. तरीही मे २००० पर्यंत नागरी संकेतात मुद्दाम त्रुटी मिसळलेली असे आणि ठिपका शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे हले. ज्याने दिले तो काढूनही घेऊ शकतो, या जाणिवेतूनच भारताने 'नाविक' ही स्वतःची प्रादेशिक उपग्रहप्रणाली उभारली. ती भारत आणि त्याच्या सीमेपासून सुमारे १,५०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. मे २०२३ मध्ये सोडलेल्या 'एनव्हीएस-०१' पासूनच्या नव्या पिढीत सर्वसामान्य ग्राहक-चिप्सना सोयीची ठरणारी एल-१ संकेतपट्टी आली. मात्र जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला 'एनव्हीएस-०२' इष्ट कक्षेत पोहोचू शकला नाही. स्वदेशी पर्याय हवा, हे निर्विवाद. पण तोही शेवटी उपग्रहाचाच संकेत आहे आणि जॅमिंगपुढे तोही तितकाच दुर्बळ ठरू शकतो.

यंत्राची भूक

उपग्रह आणि नकाशा दोन्ही निर्दोष असले, तरी मधले यंत्र समुद्रासाठी बनलेले नसते. साधा लॅपटॉप चाळीस वॉट वीज घेतो असे धरले, तर चोवीस तासांत ९६० वॉट-तास, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून ८० अँपिअर-तास खर्च होतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे योग्य नसल्यामुळे केवळ या एका कामासाठी १६० अँपिअर-तासांची बॅटरी राखावी लागते. शीतपेटी, दिवे, रेडिओ आणि स्वयंसुकाणू यांचा हिशेब वेगळाच. खारी हवा कळफलकात आणि जोडणीच्या तोंडांत शिरते, उन्हात पडदा दिसत नाही, नौका कलल्यावर लॅपटॉप टेबलावरून निसटतो. वीज कोसळली, तर नौकेवरील सगळीच इलेक्ट्रॉनिक उपकरणे एका क्षणात निकामी होऊ शकतात.

यावर तोडगे आहेत. कमी वीज खाणारा छोटा संगणक बंदिस्त पेटीत ठेवून फक्त पडदा बाहेर लावता येतो. दुसरा ग्राहक आणि नकाशे भरलेला दुसरा फोन किंवा टॅब जलरोधक पिशवीत वेगळा ठेवता येतो. त्याने यंत्र बंद पडण्याचा धोका कमी होतो. परंतु दोन यंत्रे एकाच उपग्रहसमूहाचे ऐकत असतील आणि एकाच नकाशावर ठिपका उमटवत असतील, तर दोघांचे एकमत हा काही पुरावा ठरत नाही. एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदवण्यासारखेच ते आहे.

गोव्याने पाहिलेला धडा

या प्रश्नाची दुसरी बाजूही गोव्याने जवळून पाहिली आहे. दिवाडी बेटावरील अ‍ॅक्वेरियस गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता ती पूर्ण केली. याच गोदीतील 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी, तर ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी जगाला वळसा घातला. २९ मे २०२५ रोजी 'तारिणी' गोव्याला परतली, तेव्हा तिने सुमारे २५,६०० सागरी मैल कापले होते.

याच परंपरेतील एका प्रसंगाने उपग्रहांविषयीचे दोन्ही टोकांचे समज खोडून काढले. गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएस वापरण्यास बंदी असते. १९६८-६९ मध्ये मुंबईत बांधलेल्या 'सुहैली'वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जसा प्रवास केला, तसाच सेक्स्टंट, घड्याळ, पंचांगासारखी खगोलीय कोष्टके आणि कागदी नकाशे यांच्या आधारे तो करावा, असा नियम आहे. २०१८ च्या शर्यतीत टॉमी गोव्यात बांधलेल्या 'तुरीय' या 'सुहैली'च्या प्रतिकृतीवरून उतरले. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्ती जहाजाने त्यांना वाचवले. सूर्य-तारे पाहून हजारो मैल निर्धोक जाता येते, हे या शर्यतीने दाखवले. पण निकराच्या प्रसंगी बचावपथकाला अथांग पाण्यात एक नौका सापडली ती उपग्रहांमार्फत गेलेल्या संकेतामुळेच. पुढे २०२२ च्या शर्यतीत तेच टॉमी पुन्हा उतरले आणि २३६ दिवसांनी, एप्रिल २०२३ मध्ये, दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले.

यातून उपग्रह टाकाऊ ठरत नाहीत आणि सेक्स्टंटही संग्रहालयात जमा होत नाही. दोन्हींची माहितीची वाट वेगवेगळी आहे, यातच त्यांचे एकत्रित मोल आहे. ज्याच्याकडे दोन स्वतंत्र वाटा आहेत, त्यालाच कोणती वाट चुकते आहे, हे कळू शकते.

नकाशा कोणाचा?

इथे प्रश्न व्यक्तीकडून शासनाकडे जातो. 'नोआ'ने कागद बंद केला, तेव्हा अमेरिकी किनाऱ्याचे अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येत होते आणि आजही येतात. म्हणून तिथला गरीब नौकामालकही आपल्या लॅपटॉपवर अधिकृत, ताजा नकाशा वापरतो. न्यूझीलंडनेही आपले नकाशे प्रतिमास्वरूपात विनामूल्य ठेवले आहेत. भारतात हे काम नौदलाच्या अखत्यारीतील, डेहराडून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करते आणि त्याच्या कामाचा दर्जा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा आहे. मात्र त्याचे इलेक्ट्रॉनिक नकाशे विकत घ्यावे लागतात, कूटबद्ध स्वरूपात मिळतात आणि ती व्यवस्था मुख्यतः व्यापारी जहाजांच्या गरजेनुसार बेतलेली आहे. परिणामी छोट्या नौकेवरचा माणूस फुकट मिळणाऱ्या, कोणी आणि कधी तयार केला हे नीट न कळणाऱ्या नकाशाकडे वळतो. जिथे चूक परवडत नाही, तिथेच दुय्यम माहिती वापरली जाते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीविषयीचे नियम बरेच सैल केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आणले. जमिनीच्या नकाशांबाबत उदार झालेल्या या दृष्टीचा लाभ किनाऱ्याच्या नकाशांना मिळायला हवा. संरक्षणदृष्ट्या संवेदनशील भाग वगळून, निदान मच्छीमार बंदरे, नदीमुखे आणि पर्यटन नौकांचे मार्ग यांचे अधिकृत नकाशे नाममात्र शुल्कात किंवा विनामूल्य देण्यात अशक्य असे काही नाही. १ जानेवारी २०२६ पासून जहाजांवर 'एस-१००' या नव्या मानकाचे नकाशे वापरण्यास मुभा मिळाली असून २०२९ पासून बसवल्या जाणाऱ्या नव्या यंत्रणांना ते अनिवार्य होणार आहे. या मानकात खोलीची अधिक बारीक माहिती, पाण्याची पातळी आणि प्रवाह यांचे थर एकत्र दाखवता येतात. नव्या मानकाकडे जाण्याच्या या काळातच छोट्या नौकांचा विचार झाला नाही, तर आणखी एक पिढी उपेक्षित राहील.

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. उपग्रहामार्फत दुतर्फा संदेश देणारी ही यंत्रणा संकटकाळी उपयोगी पडेल, यात शंका नाही. हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची आणि उधाणाची माहिती आधीपासून देतच आहे. म्हणजे सरकार नौकेला तिचे स्थान सांगू शकते आणि हवामानही सांगू शकते. नौकेखाली काय आहे, हे सांगणारा नकाशा तेवढा मागे राहिला आहे.

आणखी एक संदिग्धता दूर व्हायला हवी. केवळ संकेत ग्रहण करणारे जीपीएस उपकरण आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण यांत मूलभूत भेद आहे. परवान्याविना उपग्रह फोन किंवा तत्सम संदेशयंत्र बाळगण्यास भारतात मनाई आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळावर अशा हातातल्या उपकरणांमुळे परदेशी पाहुण्यांवर कारवाई झाली. सुरक्षेची काळजी समजण्याजोगी आहे. परंतु गोव्याला यॉट पर्यटनाचे केंद्र करायचे असेल, तर कोणते उपकरण चालते, कोणत्यासाठी कोणाकडे नोंद करायची, हे नौका बंदरात येण्याआधीच तिच्या मालकाला स्पष्ट कळले पाहिजे. भर समुद्रात जीव वाचवणारे यंत्र बंदरात गुन्ह्याचा पुरावा ठरू नये.

तपासण्याची सवय

धोरणे होतील तेव्हा होतील. नौका आजही निघतात. त्यांच्यासाठी उपाय जुने आणि स्वस्त आहेत. दर तासाला स्थान, वेग आणि दिशा वहीत लिहिली, तर लॅपटॉप बंद पडला तरी शेवटचा खात्रीचा बिंदू हाती राहतो आणि तिथून पुढचा अंदाज बांधता येतो. खोलीमापकाचा आकडा नकाशाशी ताडून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा. नकाशा बारा मीटर दाखवतो, भरतीचा मीटर-दीड मीटर त्यात मिळवायचा आणि यंत्र सहाच मीटर सांगत असेल, तर उपग्रह चुकला की नकाशा, हा वाद नंतर घालावा. आधी वेग कमी करावा. किनारा दिसत असेल, तर हातातल्या होकायंत्राने आग्वादच्या दीपगृहाची आणि मुरगावच्या टोकाची दिशा घ्यावी. त्या दोन रेषा कागदावर जिथे छेदतात, तिथे नौका असते. त्यासाठी ना वीज लागते, ना परक्या देशाची कृपा. गोव्यातील नौकानयन शाळांनी, बंदर कप्तान खात्याने आणि जलक्रीडा व्यावसायिकांनी हे किमान शिक्षण परवान्याचा भाग केले, तर त्याचा खर्च नगण्य आणि लाभ मोठा आहे.

लॅपटॉपने समुद्रावरील माणसाला 'मी कुठे आहे' या प्रश्नाचे उत्तर काही हजार रुपयांत मिळवून दिले. 'हे उत्तर खरे आहे का' हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र कोणतीही प्रणाली बसवून मिळत नाही. कागद निरोप घेत असताना तीच जपायला हवी. ती सवय असलेल्या खलाशाला पडदा उत्तम सेवक ठरतो; नसलेल्याला खडक दिसतो तो आदळल्यावरच.